पाणी येईस्तोवर देव माझा

२ एप्रिल १९७३, सोमवार

ही वही मालकांची, मापाची. पुढच्या पानांवर निम्म्या गावाच्या छात्या, कमरा नि बाह्या लिहिलेल्या हायेत. मालकांना जाऊन सहा वर्षं झाली आन् या दुष्काळात नवं कापड कुणी शिवत न्हाय, म्हणून मागची कोरी पानं म्या घेतली. चौथीपर्यंत शिकलेलं गंजत पडलंय, घासून बघते.

मी मालन, शिंप्याची. दिवसभर गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहते. घरात मी आन् सासू भिमाबाई, दोघीच. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांचे डोळे गेलेत, जीभ शाबूत हाय.

गावच्या मुरलीधराचे कपडे सासऱ्यांच्या वक्तापासून आमच्या घरातनं जातात. पण गाभाऱ्यात गुरवाबिगर कुणी जायचं न्हाय, आन् माझ्यासारख्या रांडमुंड बाईनं तर उंबऱ्यापाशी पण थांबायचं न्हाय. मग माप कसं घ्यायचं? त्यासाठी दोरा हाय. लिंबाजीमामा गुरव वर्षातून एकदा दोरा घेऊन येतात. त्याला तीन गाठी: गळ्याची, कमरेची, घोट्याची. त्या दोऱ्यावर अकरा वर्षं म्या बंडी शिवली, पितांबर शिवला. देवाचं नि माझं नातं तेवढ्या दोऱ्यापुरतं. मालक गेले त्या दिवसापासनं मी हात जोडायचं सोडलंय. शिवते ते हातात कसब हाय म्हणून.

२० एप्रिल, शुक्रवार

आज चावडीत ठरलं. देवाला गाभाऱ्यातनं काढून पारावर उन्हात ठेवायचा. अकरा दिवस. त्याला चटका बसला की त्याला कळंल, आन् मग तो पाऊस पाडंल. जुनी पद्धत हाय, आत्या म्हणतात त्यांच्या लहानपणी एकदा केलं होतं.

दूध सोसायटीचे चेअरमन बलभीमराव पुढं होते. त्यांच्या सोसायटीत आता दिवसाला दोन कॅन पण दूध जमत न्हाय, म्हशीच राहिल्या न्हाईत. लिंबाजीमामा खाली बघत बसले होते म्हणं.

२२ एप्रिल, रविवार

टँकरचं पाणी आणायला गेले होते. वाट पारावरनंच हाय. म्या काय मुद्दाम बघायला गेले न्हाय.

सव्वा हाताचा काळा दगड. अंगावर कापड न्हाय, दागिना न्हाय, फूल न्हाय. मला वाटलेलं, कपडे काढल्यावर देवात राहतंय काय? तर तसं न्हाय. सगळा भार उजव्या पायावर टाकलाय, डावा पाय आडवा घेऊन नुसता अंगठा टेकवलाय. कमरेला झोल. मान मुरलीकडं झुकलेली. ओठ असे की फुंकर अजून मारली न्हाय, आता मारणार. हसू फक्त एका बाजूला हाय. घडवणाऱ्यानं दुसऱ्या बाजूचं का ठेवलं न्हाय म्हणून दुसऱ्या बाजूनं जाऊन बघितलं, तर तिकडनं दुसरंच हसू दिसतंय.

आन् डावा खांदा बोटभर खाली हाय. दोऱ्याला खांद्याची गाठच न्हाय, मला कोण सांगणार? अकरा वर्षं म्या त्याला दोन्ही खांदे सारखे धरून बंडी शिवली. अकरा वर्षं तो वाकडी बंडी घालून उभा हाय, कुणाला काय बोलला न्हाय. मला तिथंच लई लाज वाटली.

डोक्यावर भरलेली घागर घेऊन कितीक वेळ उभी होते. मागनं शेजारची तुळजाबाई म्हणाली, "मालन, देवाला नजर लावतीस काय गं?" मी म्हणलं, शिवण कुठं चुकली ते बघतेय.

२४ एप्रिल

कामावर जाताना जुन्या धोतराचं छप्पर करून त्याच्यावर धरलं, चार काठ्यांना बांधून. संध्याकाळी बघते तर काढून फेकलेलं. बलभीमराव दारात आले.

"वहिनी, ऊन लागावं म्हणून तर ठेवलाय. तुम्ही सावली करून सगळं घालवताय."

म्या म्हणलं, "चेअरमन, उन्हात भाजून पाऊस पडत असता तर तलावावरच्या आमी दीडशे बायांनी तो कवाच पाडला असता."

"देवाचं न्यारं असतंय."

"मग त्याला आमच्यासारखं कशाला वागवताय?"

गेले. आत्या आतनं म्हणाल्या, "देवाला हात जोडत न्हाईस आन् त्याच्यावरनं चेअरमनशी भांडतीस." मी म्हणलं, मी देवासाठी भांडले न्हाय. धोतर चांगलं होतं, त्याच्यासाठी भांडले.

१ मे, मंगळवार

आधी लिहून घेते, मग चूल पेटवते.

आज अकरावा दिवस. देवाला आंघोळ घालून परत आत न्यायचा होता. गाव जमलेलं. पाऊस तर आला न्हाय, मग बलभीमरावांना वाटलं, देवाला चांगला गार करू म्हणजे राग जाईल. दूध नेणाऱ्या गाडीतनं त्यांनी बर्फाची लादी आणवली. फोडून हंड्यात टाकली. भर बारा वाजता, दगडावर हात ठेववत न्हाय एवढा तापलेला, तवा लिंबाजीमामा म्हणाले, "जरा सावली येऊ द्या, ऊन उतरू द्या." कुणी ऐकलं न्हाय. सगळा हंडा एकदम ओतला.

टक्क वाजलं. लई मोठा आवाज न्हाय, सुपारी फोडल्यावर येतो तेवढाच. कोपरापासनं उजवा हात मुरलीसकट खाली पडला.

 मला हसू आलं आन् मग रडू आलं. चुलीवरच्या तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये हे माझ्या गावातल्या सात वर्षांच्या पोरीला कळतंय, आन् हे सगळे पागोटेवाले.

४ मे

गावात दोन दिवस हीच चर्चा. भंगलेला देव गाभाऱ्यात चालत न्हाय, घरात तर न्हायच न्हाय. त्याला पाण्यात सोडायचा असतोय. पण पाणी कुठं हाय? विहिरींचा तळ दिसतोय, ओढ्यात वाळू उडतेय. शेजारच्या बेंबळी गावाकडं पण तेच. शेवटी ठरलं की पाझर तलावात पहिलं पाणी साठलं की तिथं सोडायचा. बलभीमराव जयपूरचा नवा मुरलीधर आणणार हायेत, संगमरवराचा. त्यांचं तोंड वाळलंय, खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली.

पण तवर हा ठेवायचा कुठं? कुणाच्या गोठ्यात पण नको. ज्याच्या घरी ठेवंल त्याचं वाटोळं होईल म्हणतात.

मी बायांच्या मागं उभी होते. पुढं झाले आन् म्हणलं, "माझ्या घरी ठेवा. माझं वाईट व्हायचं काय राहिलंय?"

कुणी न्हाय म्हणलं न्हाय. तोवर ज्या बाईनं उंबऱ्यापाशी थांबायचं नव्हतं, तिच्या घरी दोन गड्यांनी देव आणून सोडला आन् हात झटकून गेले. धड होता तवा गावाचा होता. फुटल्यावर माझा झाला.

शिलाई मशीनच्या समोर कोपऱ्यात ठेवलाय. पाणी येईस्तोवरच. माझा काय त्याच्यात जीव न्हाय.

९ मे

आत्यांनी आज त्याला हात लावला. जन्म या गावात गेला पण हात कधी लावता आला नव्हता. गुडघ्यावरनं, कमरेवरनं, छातीवरनं बोटं नेली, तुटल्या कोपरावर आल्यावर थांबल्या. मग तोंडावर. ओठांवर लई वेळ बोट ठेवलं.

"मालन, हा हसतोय गं."

"व्हय."

"हात तुटला तरी?"

 मशीनचं तेल काढलं आन् मशीनला घालत बसले.

१६ मे

त्याला नवी बंडी शिवली. डावा खांदा बोटभर उतरवला. घरात नवं कापड न्हाय, माझ्या लग्नाच्या हिरव्या शालूचा पदर कापला. उजवी बाही कोपरापाशी दुमडून शिवून टाकली, आमच्या कामावरच्या हात गेलेल्या कोंडिबाच्या सदऱ्याची शिवते तशी. घातल्यावर अंगाला अशी बसली की कुठं सुरकुती न्हाय.

मग काम सोडून बघत बसले. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी चुलीवर करपली. हे काय बरं न्हाय. चाळिशीच्या बाईनं भिंतीकडं बघत सुकडी करपवायची म्हणजे काय. उद्यापासनं मशीनचं तोंड फिरवून बसायचं.

१७ मे

फिरवून बसले. पाठीला कळतंय तो तिथं हाय ते. दुपारी परत मशीन सरळ केली, उजेड तिकडनं बरा येतो.

७ जून, मृग

आज सगळं गाव वर बघत होतं. मी पण बघितलं आन् मनात आलं, येऊ नको.

लिहून ठेवते, कुणी वाचणार न्हाय. तुळजाबाईची शेवटची म्हैस परवा मेली. आत्या एका तांब्यात दिवस काढतात आन् तहान लागली न्हाय म्हणून सांगतात. साऱ्या जिल्ह्यात पाऊस नको म्हणणारी मी एकटीच असंन. तलावाच्या भिंतीवर माती टाकताना रोज वाटतं, ही भिंत मी त्याला बुडवायला चढवतेय. आज पाट्या अर्ध्याच भरल्या. मुकादम ओरडला. म्हणलं, कंबर दुखतेय.

घरी येऊन त्याला सरळ विचारलं. असा कसा रे तू? पाऊस दिलास तर तू जाणार, न दिलास तर आमी जाणार. त्याचं आपलं ते हसू. जवळनं बघितलं तर डाव्या बाजूचं.

१ जुलै, रविवार

पाऊस चांगला लागलाय, चार दिवस झाले. लोकं रडली, नाचली. मी पण नाचले. आत्यांना पोटभर पाणी पिताना बघून मी पाऊस नको म्हणल्याबद्दल कान धरले. पण कान धरताना तोंड त्याच्याकडंच होतं, म्हणजे माफी पण त्याचीच मागितली. अवघड हाय.

तलावात गुडघाभर पाणी. लिंबाजीमामा म्हणाले, अजून न्हाय, छातीभर पाहिजे. ते हल्ली रोज येतात, दारात टेकतात, आत बघतात. चाळीस वर्षं त्यांनी त्याला आंघोळ घातलीय. मी आत या म्हणलं तर म्हणतात, "भंगल्यावर मला हात लावायचा अधिकार न्हाय, पोरी. तू लावतीस न्हवं, बास."

२२ जुलै

बलभीमराव नव्या देवाचं माप घेऊन आले, कागदावर, इंचात. जयपूरचा आलाय, अष्टमीला बसवायचा. मी जाऊन बघून पण आले. पांढरा, गाल गुलाबी, ओठ लाल, साबणाच्या पुड्यावरच्या पोरासारखा. दोन्ही खांदे सारखे, शिवायला सोपा. त्याचे कपडे चांगले शिवीन, कापडात कसर करणार न्हाय. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

जाताना बलभीमराव कोपऱ्याकडं न बघता म्हणाले, "तलाव भरत आला. चौदा तारखेला सोडू."

"सोडायलाच पाहिजे का?"

"वहिनी, भंगलेला हाय."

"हात गेला म्हणून माणसाला कुणी पाण्यात सोडतंय का? कोंडिबाला सोडला का?"

"देव आन् माणूस एक हाय व्हय?"

"न्हाय. माणसाला आपण जास्त सांभाळतो."

त्यांनी चप्पल घातली. मग वळून हळू म्हणाले, "तो समोर आला की मला ते टक्क ऐकू येतंय. तो गेला की मी सुटंन." मला पहिल्यांदा कळलं की घाई कशाची हाय. पण त्यांनी सुटावं म्हणून हा का बुडावा?

९ ऑगस्ट

गाव सगळं खुरपणीला गेलेलं. मी दोरा घेऊन तलावावर गेले. यंदाचा दोरा मामांनी अजून परत नेला न्हाय. भिंतीला लावायच्या काळ्या दगडांचा ढीग पडलाय तिथं. एकेक दगडाला दोरा लावून बघितला. गळ्याला जमला तर कमरेला जमंना. सातवा की आठवा बरोबर बसला. चुंबळ ठेवून डोक्यावर उचलला. दोन वर्षं माती वाहिलेली मान हाय ही. वाटेत कुणी भेटलं असतं तर पाटा-वरवंट्याला दगड नेते म्हणून सांगणार होते, पण कुणी भेटलं न्हाय.

भीती वाटते का? वाटते. पाप असंल. पण म्या हिशेब असा केला की पाप लागलं तर ते त्याच्याकडूनच लागणार, आन् तो माझ्याच घरात असणार. समोरासमोर बघून घेऊ.

१३ ऑगस्ट

दगडाला पितांबर नेसवला, बंडी घातली, वरनं डोक्यापासनं पायापर्यंत कापडाची खोळ चढवून टाके घालून बंद केली. गावात सांगितलं, भंगलेल्या देवाचं तोंड शेवटाला कुणी बघू नये, आमच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलंय. सासरे असलं काय बोलले नव्हते. पण शिंप्याच्या घरचं हाय म्हणल्यावर कुणी वाद घातला न्हाय.

त्याला आतल्या खोलीत कणगीमागं ठेवलाय. कणगी दोन वर्षं रिकामीच हाय.

१४ ऑगस्ट, मंगळवार

झालं.

सकाळी हलगी वाजवत लोकं आली. आत्या म्हणाल्या, मला शेवटचा हात लावू द्या.  त्यांची बोटं खोळीवरनं फिरली. गळा, खांदे, कंबर. एकदम थांबली. मग आत्यांनी असा हंबरडा फोडला की सगळ्या बाया रडायला लागल्या. मालक गेले तवा पण त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. म्हातारीला फसवलं याचं मला लई वाईट वाटलं.

पाण्यात न्यायला लिंबाजीमामा पुढं झाले. अधिकार न्हाय म्हणणारे मामा म्हणाले, शेवटाचं मीच करतो. दोन्ही हातांत घेतला आन् उभे राहिले. त्यांचा एक हात त्याच्या डाव्या खांद्यावर होता. मी दुसरीकडं बघितलं. 

कुणीतरी म्हणलं, "काय झालं मामा?"

मामा म्हणाले, "काय न्हाय. चाळीस वर्षं सांभाळलेला देव हाय, जड जाणारच." आन् सरळ पाण्यात गेले. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं. लोकं म्हणाली बास, तरी अजून दोन पावलं गेले आन् सोडला. वर यायला त्यांना धाप लागली होती. बलभीमराव लहान पोरासारखे रडले. बरं झालं, ते सुटले.

मामांना पण कळलं न्हाय. म्हातारी माणसं, हाताची जाण जाते.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा. घरात मी त्याला बाहेर काढला, परत मशीनच्या समोर ठेवला. आत्या खाटेवर पडल्या होत्या. मी आवाज करत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मालन, सकाळचं ऊन येत असंल बघ त्याच्या अंगावर. पडदा ओढ."

मी पडदा ओढला.

"आन् आता त्याला हात लावायला मला चोरून उठायला लावू नको. गुडघे दुखतात."

 भाकरी थापायला बसले.

१८ ऑगस्ट

अष्टमी जवळ आली. नव्या देवाचे कपडे कालच पोचवले, लोकांना आवडले.

आज लिंबाजीमामा आले. आत आले न्हाईत, दारातच टेकले, नेहमीसारखे. पाण्याचा तांब्या मागितला. तोंड न लावता वरनं अर्धं पाणी प्यायले आन् अर्धं तांब्यात तसंच ठेवून तुळशीची दोन पानं त्यात टाकली. म्हातारं माणूस, कशात काय टाकतंय त्याचं भान राहत न्हाय. जाताना मापाचा दोरा चौकटीवर ठेवला. चौदा तारखेला तलावावरनं येताना तो त्यांनी माझ्याकडनं मागून नेला होता.

म्या म्हणलं, "मामा, आता या दोऱ्याचं काय काम? नव्या देवाचं माप कागदावर हाय."

"असू दे. वर्षाला एक जोड शिवायची तुमच्या घरची रीत हाय. रीत मोडू नये." आन् गेले, पायात काटा रुतल्यासारखे हळूहळू.

दोरा उचलला. कापड पसरलं. पदर गेला तरी बाकीचा शालू अजून हाय. गळ्याची गाठ धरली, कमरेची धरली, घोट्याची धरली. मधी बोटाला काय तरी लागलं. गळ्याच्या गाठीपासनं बोटभर खाली चौथी गाठ. नवीन. दोरा काळा पडलेला, ती एकटी गाठ तेवढी आवळून ताजी.

चाळीस वर्षं आंघोळ घालणाऱ्या माणसानं या दोऱ्याला डाव्या खांद्याची गाठ कधी मारली नव्हती.

तांब्यातलं तुळशीचं पाणी वाया घालवलं न्हाय. त्या पाण्यानं देवाला आंघोळ घातली. मग कात्री घेतली आन् डावा खांदा बोटभर उतरवून बंडी कापली.